रानडुक्कर, खात्री चौऱ्याण्णव टक्के

सोयरिकीच्या वेळी बिरजूच्या सासऱ्याने विचारलं होतं, "पोरगा काय करते?"

"जंगलातले फोटो पाहातो," बिरजूनेच सांगितलं.

"मंग कामाले कधी जाते?"

तेच त्याचं काम होतं, नऊ वर्षं. सिंदेवाहीच्या जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेले; समोरून काही हललं की फोटो. नागपूरचे अतुल सर वाघांवर संशोधन करायचे. बिरजू दर रविवारी कॅमेऱ्यांतली कार्डं आणायचा आणि हजारो फोटोंपुढे लिहीत बसायचा: चितळ, गाय, वाघ, काहीच नाही. बहुतेक वेळा काहीच नाही.

एक काम मात्र तो फुकट करायचा. वाघ एकाच जागी पुन्हा पुन्हा दिसला की गावात सांगायचा, "या हप्त्यात नाल्याकडं मोहफुलं वेचाले जाऊ नका." बाया शिव्या घालत दुसरीकडे जायच्या. सगळ्यांत मोठा आवाज त्याच्या बायकोचा, आशाचा.

मागच्या वर्षी सरांनी फोटोतलं जनावर ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. वर्षाचं काम एका दुपारी. खोटं कशाला बोलू, असली गाढवमेहनत माणसाने करूच नये. "बिरजूभाऊ, आता फक्त कार्डं पाठवा, डोळ्यांना आराम द्या," सर म्हणाले आणि लॅपटॉप घेऊन गेले. फोटो दिसेनात, तसं गावाला सांगणंही थांबलं.

चैत्रात नाल्याकाठी वाघाने आशाला नेलं. वाकून वेचणारी बाई वाघाला जनावर वाटते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे.

तेरवीनंतर सरांनी बिरजूकडे लॅपटॉप पाठवला. मशीनने ओळखलेले शंभर फोटो तपासून हवे होते. मी, त्याचा लहानपणचा दोस्त, शेजारीच बसलो होतो. एका फोटोत मोहाखाली वाकलेली पाठ, हिरवं लुगडं. खाली लिहिलेलं: रानडुक्कर, खात्री चौऱ्याण्णव टक्के. त्याच झाडाखाली सलग चार सकाळी वाघ. शेरा: शिकार मुबलक. ही यादी आशा मरायच्या तीन दिवस आधी तयार झाली होती. मला संताप आला तो सरांचा. वाघ मोजून झाले, पण कुणी एकाने तो फोटो डोळ्यांनी पाहिला नाही.

बिरजूने सरांना फोन लावला. "सर, हे डुक्कर नोहे."

"मग 'माणूस' निवडा. माणसांचे फोटो नियमाप्रमाणे आपोआप पुसले जातात."

"मोबाइलवर तिचा फोटो काढून घे अन् मंग बदलून टाक," मी म्हणालो.

"माह्या हातानं पुसू काय तिले?"

त्याने 'बरोबर' दाबलं.

सरांचा प्रबंध मंजूर झाला. त्यात रानडुकरं एकशे बारा आहेत. त्यातली एक आशा.