खुणेची नावं

गिरणीमागची आमची वस्ती आता नाही. तिथला रस्ता रुंद झाला, दुकानं आली. आम्ही पडेगावकडच्या इमारतीत राहतो.

मी सिल्लोडकडच्या खेड्यातून लग्न होऊन वस्तीत आले, तेव्हा वाटलं, इथं सगळे सारखे भांडतातच. बाया दारातून ओरडून बोलायच्या, माणसं त्याहून मोठ्यानं. मग कळलं, निम्मी माणसं साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होती. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. आमच्या घरचे मालकही त्यातलेच. खात्यात काही ऐकू यायचं नाही, म्हणून ती ओठांवरून बोलणं ओळखायची आणि हातानं खुणा करायची. तीच सवय घरी आली आणि बायांनाही लागली.

माझा आवाज आधीच बारीक, त्यात बोलताना तोंडावर पदर धरायची खोड. मी बोलायचे आणि मालक नुसते बघत राहायचे. शेवटी शेजारच्या अक्का म्हणाल्या, "अगं लाजरे, पदर काढ की तोंडावरचा. नवऱ्यानं काय पदरावरून ओळखायचं व्हय?" सगळ्या हसल्या. पण पुढं मला ते बोलणं लई सोयीचं झालं. आवाज न काढता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला निरोप देता यायचा.

प्रत्येकाला खुणेचं नाव होतं. मागावर सूत इकडून तिकडं नेणारा धोटा उडून मालकांच्या भुवईला लागला होता, म्हणून भुवईवरून बोट फिरवलं की ते. तोंडावर पदर धरल्यासारखं केलं की मी. समोरच्या खोलीत एक भाऊजी एकटे राहायचे. बायको वारलेली, लेक शेंद्र्याला दिलेली. त्यांच्या कानात बाळी होती, म्हणून कानाची पाळी धरली की ते. भाजी केली की मी त्यांना वाटीभर द्यायचे. हाक मारली तरी त्यांना ऐकू येत नव्हतंच, म्हणून हाकेच्या नावाची गरज कधी पडली नाही.

गिरणी बंद पडली तरी वस्ती बरीच वर्षं टिकली. मग रस्त्यासाठी महापालिकेनं ती उठवायचं ठरवलं. ज्यांची घरं पडणार त्यांना खोल्या मिळणार होत्या. मैदानात मंडप घातला. पालिकेचे साहेब लाउडस्पीकरवर नाव पुकारणार, जो पुढं येईल त्याला चिठ्ठी. कोणी आलं नाही तर पुढचं नाव. खोली मिळायची ती त्या पुकाऱ्यावर. बाया मंडपात, माणसं बाहेर उन्हात. आम्ही बायांनी ऐकायचं आणि माणसांना खूण करायची, असं ठरलं.

मालकांचं नाव आलं. मी भुवईवरून बोट फिरवलं, पण ते भलतीकडंच बघत होते. बाजूच्यानं माझी खूण पाहून त्यांना कोपर मारलं, तेव्हा ते पुढं गेले.

"घरात किती माणसं?" साहेबांनी माइकआडून विचारलं, ओठ दिसतच नव्हते.

"साचेखातं," मालक मोठ्यानं म्हणाले.

"गिरणीचं नाही विचारलं, बाबा."

"नको, चहा झाला."

मंडपात हशा पिकला. मला जावंच लागलं. मी पदर खाली केला आणि ओठांनी विचारलं. एवढ्या लोकांत उघड्या तोंडानं मी कधी उभी राहिले नव्हते. मालक म्हणाले, "चौघं." चिठ्ठी मिळाली.

थोड्या वेळानं एक नाव आलं, आडनावासकट.

"हे कोण गं?" अक्कांनी विचारलं.

"मागल्या गल्लीतलं असंल कुणी," एक जण म्हणाली.

साहेबांनी पुन्हा पुकारलं. आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.

पुकारा संपला तरी समोरचे भाऊजी तिथंच उभे होते. अक्कांनी त्यांच्यासमोर जाऊन ओठांनी विचारलं, "तुमचं नाव काय?" इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. ते तेच नाव होतं. आम्ही साऱ्या खाली बघायला लागलो.

माणसं त्यांना घेऊन साहेबांकडं गेली. "हजर नव्हते, आता ऑफिसात या," साहेब म्हणाले. तेव्हापासून भाऊजींच्या खोलीसाठी मालकांच्या ऑफिसात खेपा चालू आहेत. भाऊजी शेंद्र्याला लेकीकडं राहतात. जावई चांगला आहे, तरी ते जावयाच्या घरी घास मोजून खातात, असं लेक सांगते. मालकांना ऐकू येत नाही, म्हणून ऑफिसात बोलायला मी सोबत जाते. भाऊजींचं नाव आता मला पाठ आहे. पण ते घेतलं तर डोळ्यांपुढं कोणी येत नाही, आणि माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडं जातो. टेबलामागचा माणूस ते बघून म्हणतो, "बाई, तुम्हालाही ऐकू येत नाही का?"