नागीण म्हणतात ती हीच का? वापी ते हर्णे, चार दिवस

कार्ड मंगळवारी आलं. बाबांनी सांगितलं आणि गावच्या पोस्टमनने लिहिलं, म्हणून अक्षर वळणदार. "सुलूस नागीण झाली आहे. दोन्ही हातांवर आहे. मुलाचे वडील आपल्याकडे एक रात्र राहून गेले, त्यांसही लागली. ते लोक आता नको म्हणतात. रजा मिळाल्यास येणे."

सुलू माझी धाकटी बहीण. मंडणगडच्या पलीकडे डोंगरात आमचं गाव. तिचं लग्न हर्णेकडच्या एका शेतकरी घरात जवळजवळ ठरलं होतं. मी वापीला रंगाच्या कारखान्यात पिंपं धुतो, तीन वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. पण ते 'दोन्ही हातांवर' मी तीनदा वाचलं. आमच्या खोलीतल्या एकाला नागीण झाली होती. ती अंगाच्या एकाच बाजूला येते हे डॉक्टरने सांगितलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. सुलूच्या दोन्ही हातांवर कशी आली? आणि दिवाळीत मी घरी एक कापसाची गादी पाठवली होती, माझ्याच खोलीतली.

मुकादमाने चार दिवस दिले, कुरकुरत. बुधवारी संध्याकाळच्या गाडीने मुंबई सेंट्रल गाठलं आणि शेजारच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर पडून राहिलो. तुम्हाला तिथं पडायचं असेल तर आधी बाकाच्या फळ्यांच्या फटीतून काडी फिरवून बघा. काळपट ठिपके निघाले तर सरळ जमिनीवर पेपर पसरा. सकाळी सहाची मंडणगड गाडी. खिडकी हवी असेल तर रुमाल टाकायला पाचलाच उभं राहावं लागतं. माणगावला वीस मिनिटं थांबते, तिथली मिसळ तिखट आहे पण ताजी असते. मी चहावर भागवलं. आंबेतच्या पुलावर गाडी आली की खाडीचा वारा लागतो आणि आमच्याकडची माणसं उगाच मोठ्याने बोलायला लागतात.

शेजारी एक आजी, पायाशी कोंबड्यांची डालगी. ती सारखी घोटे खाजवत होती. मी वाकून बघितलं. बारीक लाल पुरळ, प्रत्येकाच्या मधोमध टाचणीएवढा ठिपका, सगळं घोट्याच्या आसपास, वर गुडघ्याकडे काही नाही. मी म्हटलं, आजी, ह्या पिसवा आहेत, कोंबड्यांच्या खुराड्यातून येतात. खुराडं झाडून आत राख टाका, डालगी उन्हात पालथी घाला.

"तू डाक्टर काय रे?"

"नाय. पिंपं धुतो कारखान्यात."

"मग खरां असेल," ती म्हणाली आणि दुसरा घोटा पुढे केला.

दुपारी दोनला मंडणगड. आमच्या गावची गाडी संध्याकाळी, म्हणून चालत निघालो. दीड तास, अर्धी वाट उघडा कातळ आणि अर्धी सुकलेल्या गवतातून. नवख्याने चालून झाल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेपाशी हात फिरवावा. एखादा तीळ हाताला लागला आणि तो काल नव्हता, तर ती गोचीड. ती चावून जात नाही, चिकटून बसते. नखाने ओरबाडू नका, तोंड आत तुटतं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. मी दोन काढल्या. एरवी मोहोराच्या दिवसांत ही वाट मला फार आवडते. त्या दिवशी मोहोराचा वास आला तरी डोक्यात गादीच होती.

घरी सुलू ओटीवर बसली होती. दोन्ही हात कोपरापासून खाली लालभडक. आईने गेरू लावला होता, आमच्याकडे नागिणीवर तोच लावतात. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जगत नाही असं म्हणतात, म्हणून आई रोज सकाळी दोरा घेऊन पट्टा किती वाढला ते मापत होती. सुलू मला बघून रडली नाही. म्हणाली, "दादा, लांब बस. तुला लागंल."

मी तिचे हात धुतले. आई ओरडत होती, तरी धुतले. खाली जे दिसलं ते मी वापीत रोज सकाळी बघतो. तीन सुजलेल्या गांधी, मग थोडी जागा, मग पुन्हा तीन, शिवणीच्या टाक्यासारख्या ओळीत. पोलक्याची बाही संपते तिथून पुढेच, झाकलेल्या दंडावर एकही नाही. पाण्याने भरलेले फोड नाहीत. विचारलं, आग होते की खाज? खाज. कधी? सकाळी उठल्यावर. डासाचं असतं तर ओळ नसती आणि दुसऱ्या दिवशी निम्मं ओसरलं असतं. मुंगी किंवा लाल ओंबील चावली तर चावतानाच कळतं, माणूस झोपून राहत नाही.

"निजतेस कुठं?"

तिने माजघराकडे बोट केलं. गादीची वळकटी तिथं उशाशी उभी होती. घरातली एकच गादी, म्हणून ती कुणी वापरायची नाही, पाहुणा आला की अंथरायची. सुलूचे होणारे सासरे, तात्या, पसंतीला आले, शेवटची गाडी चुकली, तेव्हा बाबांनी मोठ्या मानाने ती त्यांच्या खांद्यावरच्या कांबळ्याखाली घातली. तात्यांनी संध्याकाळी चहा घेताना सुलूच्या हातावरचे डाग बघितले होते, रात्री सदरा काढून निजले, सकाळी उठले तर तेच डाग त्यांच्या पाठीवर.

मी गादी अंगणात उन्हात आणली आणि कडेची शिवण उसवली. आई माझा हात धरत होती, लेकाने पाठवलेली वस्तू म्हणून. शिवणीच्या आत ते होते, चपटे, तांबूस, एकाला एक लागून. उन्हात आल्यावर पळायला लागले.

आईने वाकून बघितलं. मग म्हणाली, "तुला कसां ठाव, इथंच असतील म्हणून?"

मी शर्टाची बाही वर केली. दाखवायचं ठरवलं नव्हतं. मी पत्रात कंपनीची खोली लिहायचो, पंखा आहे लिहायचो. पंखा खरंच आहे. एका खोलीत सोळा जण दोन पाळ्यांत झोपतो हे लिहिलेलं नव्हतं.

बाबा खांबाला टेकून बसले होते. मी म्हटलं, उद्या हर्णेला जातो आणि तात्यांना खरं सांगतो. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"नागीण देवाची, तिची लाज नाय. बरी होईल, लोक इसरतील. ढेकूण म्हणालास तर घर घाण म्हणतील. आनि तुजी खोली पन."

ते खोटं नव्हतं. रात्रभर मला तेच खरं वाटत राहिलं. पण सकाळी, ढेकूण बघूनही, सुलूने माझ्यासाठी चहा दुरूनच सरकवला, कपाला हात लागू नये अशा बेताने, आणि मी निघालो. रिकाम्या काडेपेटीत चार ढेकूण घेतले, पेटीला दोरा बांधला.

मंडणगडहून दापोली दोन तास, दापोलीहून हर्णे पाऊण तास, बसायला जागा मिळेल याचा भरवसा नाही. हर्णेला जायचं तर दुपार टळल्यावर जा. होड्या आल्या की बैलगाड्या पाण्यात उतरतात, मासळीच्या टोपल्या घेऊन वाळूवर येतात, आणि तिथंच लिलाव. तात्यांची अशीच गाडी. ते गुडघाभर पाण्यात बैलांना धरून उभे होते. मला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

मी पाण्यात उतरलो. काडेपेटी उघडून त्यांच्या नाकासमोर धरली. सांगितलं: तात्या, ही तुमची नागीण. गादीतून आली, गादी माझी. सुलूला काही रोग नाही.

त्यांनी पेटीत बघितलं. मग गाडी वाळूवर घेतली, सदरा वर करून पाठ माझ्याकडे केली. गेरू. गेरूखाली तीन-तीनच्या ओळी, काही कालच्या ताज्या.

"दहा दिवस झाले तात्या. अजून नवीन येतात?"

"येतात."

"आमच्याकडं कांबळं आणलं होतंत ना? त्याच्यावरच निजता?"

ते गाडीच्या दांडीवर बसले. बोलले ते बैलाकडे बघून.

"दोन बोटां उरलेली, तोंड शेपटीला मिळायला. पोराला समदां सांगून ठेवलां. हा बैल डाव्या अंगानं आलास तर मारतो, ते पन सांगितलां. नि तू हे काडेपेटीत घालून फिरतोस?"

बाजूच्या बाया हसायला लागल्या होत्या. एकीने विचारलं, तात्या, लिलावात काढू का? तात्या हसले नाहीत. त्यांनी माझी बाही स्वतः वर केली.

"किती वर्सां?"

"तीन."

त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं. "आज घरी चल. उद्या कांबळं उकळू. मुलगी आमची. गादी मात्र देऊ नका."

शनिवारी सकाळी त्यांच्या अंगणात हंड्यात कांबळं उकळलं, खाटेच्या सांध्यांत कढत पाणी ओतलं. तात्यांची बायको मला पुन्हा पुन्हा विचारत होती, गेले ना, नक्की गेले ना? मी सांगितलं, आठ दिवसांनी पुन्हा ओता, अंडी राहतात. खरं म्हणजे मलाही खात्री नव्हती. आमच्या खोलीत ते आजवर कधीच गेले नाहीत.

तिथूनच परतीला लागलो. लग्न मोडलं नाही हे घरी जाऊन सुलूला सांगायला वेळ नव्हता, तात्यांनी मुलाला पाठवलं. तिने ऐकताना काय केलं ते मला कळलं नाही, याची चुटपुट आहे. लग्न वैशाखात.

रविवारी रात्री वापी. खोलीतल्यांना सगळं सांगितलं, हसतील म्हणून. कुणी हसलं नाही. सोमवारी चहाच्या सुट्टीत पोस्टात गेलो तर आमच्यातले सहा जण कार्डं घेऊन माझी वाट बघत उभे. सगळ्यांनी कधी ना कधी घरी अंथरूण पाठवलेलं. लिहिता येणारा मी एकटा. पाच कार्डं झाली: गादी उन्हात टाका, शिवणी उसवा, पाहुण्याला घालू नका. सहावा खेडकडचा महादू, माझ्याहून वयाने मोठा. त्याने माझी पेन्सिल मध्येच धरली.

"गादीत काय हाय ते लिही," तो म्हणाला. "मी निजत होतो तीच ही, असां नको लिहू. दुकानातनं घेतलेली, असां लिही."

मी तसंच लिहिलं.