काकूंची लेदरची पर्स

"पर्स आहे ती, बाई. चांभारणीसारख्या हुंगताय काय!"

जळगावच्या बाजारातला दुकानदार मला म्हणाला. काकू फिदीफिदी हसल्या. मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते आणि मेहरूणला त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. त्या वेळी पुरतं ऐंशी साल उलटलं होतं, पण खोली देताना आडनाव विचारायची रीत काही उलटली नव्हती. माझं आडनाव गावावरून पडलेलं. काकूंना त्यावरून काही कळलं नाही, मीही सांगितलं नाही. जात कळल्यावर याआधी दोन खोल्या सोडाव्या लागल्या होत्या.

पण हाताला कोण सांगणार? सोनगीरला कातड्याच्या ढिगाशेजारी वाढले मी. आबांनी, माझ्या वडिलांनी, उभ्या गावाच्या विहिरींवरच्या मोटा शिवल्या. माझा अंगठा धरून शिकवायचे, "दाब वं पोरी. बारीक सुरकुत्या पडन्यात ना? मंग ते खरं शे." मग उलटी बाजू बघायची. कापलेली कड बघायची. वास घ्यायचा. दुकानात पर्स हाती आली आणि हातांनी हे सगळं मला न विचारता केलं. नाकाला लावली तेवढ्यात दुकानदाराने पाहिलं.

पर्स खोटी होती. दाबलं तर नुसता खड्डा, सुरकुती नाही. अस्तराच्या फटीतून मागचं कापड दिसत होतं. साधं रेक्झिन. आणि दुकानदार शपथेवर सांगत होता, अस्सल लेदर.

"घेऊ ना गं?" काकूंनी मला विचारलं.

"घ्या की. छान आहे."

खोली वाचली. मी वाचले नाही.

दिवाळीपर्यंत पर्सचे पोपडे निघाले. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. काकू ओट्यावर शेजारणीला सांगत होत्या, "चांभाराची जातच ती. फसवल्याशिवाय राहायची नाही."

डोकं फिरलं माझं. रेक्झिन कारखान्यातलं, थाप गल्ल्यावर बसलेल्याची, आणि शिवी कुणाला? आबांना? ज्यांनी जन्मात कुणाच्या गळ्यात खोटं कातडं मारलं नाही त्यांना?

"काकू, त्या पर्सला चांभाराचा हातसुद्धा लागलेला नाही. रेक्झिन आहे ते. मला दुकानातच कळलं होतं."

"तुला कसं कळलं?"

"मी चांभाराची पोर आहे. म्हणून कळलं. आणि म्हणूनच बोलले नाही."

शेजारीण उठून गेली. काकूंनी दोरीवरचे स्वतःचे कपडे काढून घेतले, ओलेच. "उद्या खोली रिकामी कर," एवढंच म्हणाल्या.

ट्रंक भरताना मी रडले. काकूंसाठी नाही. चार भिंतींसाठी मी भर दुकानात बापाला नाकारलं होतं, ते काही केल्या पुसलं जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खोली शोधायला निघाले. पहिल्या घरी आधी जात सांगितली, मग भाडं विचारलं. दार लागलं. पुढच्या घरची कडी वाजवली, तिथेही तसंच सांगितलं. जात ऐकून ज्याला खोली द्यायची त्याने द्यावी. लपवून मिळालेल्या छपराखाली मी पुन्हा झोपणार नाही.