सात दिवस थांबा

अमावास्येला न्हाव्याकडे गर्दी नसते, म्हणून मी मुद्दाम त्याच दिवशी केस कापायला जातो... यावरून भुताखेतांवर माझा किती विश्वास आहे ते समजा. तरी हे लिहितोय, कारण दोन महिने पोटात ठेवून आता जड झालंय.

मी दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर बसतो. थोरली बहीण मंदाताई ढाणकीला, भाऊजी तिथेच शाळेत मास्तर. सगळीकडे माझा एकच पासवर्ड, तोही डायरीत लिहिलेला — हे पाहून भाऊजींनी कपाळाला हात लावला होता. मग बैल घेताना दात पाहावेत तसे त्यांनी तीन पासवर्ड मॅनेजर तपासले. एक फक्त एकाच ब्राउझरात चाले, दुसरा फोनवर घ्यायचा तर पैसे मागे. तिसरा फोन, लॅपटॉप, दोन्ही ब्राउझर, सगळीकडे चालला.

"गजू, एक चाबी डोक्शात ठेव, बाकीच्या याच्यात," म्हणाले.

त्यातच आम्ही एकमेकांना अडीनडीचा माणूस नेमलं. म्हणजे एकाला काही झालं, तर दुसऱ्यानं त्याच्या खात्यासाठी विनंती टाकायची. मालकानं सात दिवसांत नकार दिला नाही, तर खातं उघडतं. मालकाला वाटलं तर तो लगेचही होकार देऊ शकतो.

उन्हाळ्यात भाऊजी गेले. शाळेतून येताना, गाडीवरच... फोन रस्त्यावर आपटून फुटला. सिम दुसऱ्या फोनात टाकलं तर "सर आहेत का" असे कॉल यायचे. ताईनं ते बंदच करून टाकलं.

पुढे भाची सायलीला नर्सिंगला सीट लागली. ती पक्की करायचा शेवटचा दिवस उजाडला आणि तिचं प्रवेशाचं खातं उघडेना, कारण ते भाऊजींनी काढलेलं, पासवर्ड त्यांच्या मॅनेजरमध्ये. ओटीपी जाणार बंद सिमवर. हेल्पलाइन लागेना. इतक्या उशिरा सांगितलं म्हणून मी ताईवर चिडलो, त्याची आजही लाज वाटते. ढाणकीला पोचून लॅपटॉप उघडला आणि पावणेबाराला विनंती टाकली. स्क्रीनवर आलं — सात दिवस थांबा. आमच्याकडे संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ होता. सायली ओढणीचं टोक पिळत बसली. ताई म्हणाली, जेवून तर घे.

दुसरी भाकर ताटात पडली आणि मेल आला. तुमची विनंती मालकाने मंजूर केली आहे.

घाबरायला तेव्हा वेळ नव्हता. आधी सायलीचं खातं उघडलं, सीट पक्की केली, पावती काढली. मग नोंद पाहिली. होकार भाऊजींच्या फोनवरून आलेला, बारा वाजून वीस मिनिटांनी. ताईनं लोखंडी कपाट उघडलं. फोन त्यांच्या शर्टांखाली होता, काचेचा भुगा झालेला. चार्जर लावून पाहिला... काहीच नाही.

शाळेच्या कॉम्प्युटरवर खातं उघडं राहिलं असेल म्हणून तिथेही जाऊन आलो. नव्हतं. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की होकार मालकानेच दिला आहे. मला याचा उलगडा झालेला नाही आणि होईल असं वाटतही नाही.

ताई मात्र घाबरली नाही. मी निघालो तेव्हा गाडीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "गजू, पोरीसाठी त्याइनं लगेच हो म्हटलं न? मंग माह्यासाठी एक डाव टाकून पाह्य ना. मले काही नाही पाह्यजे... बरे आहेत का, इतकंच इचार."

टाकतो म्हणालो. आता ती दोन-चार दिवसांनी फोन करते, इकडचं तिकडचं बोलते आणि शेवटी विचारते, काही आलं का. एकदा होकार मिळाला की विनंतीचं ते बटण परत दिसत नाही, हे मला तिला सांगवत नाही.