शाहीनच्या खेळातली लाईट

बावड्यात अफजलचाचांचं मोटर भरायचं दुकान हाय. जळालेल्या पाण्याच्या मोटरीत नवी तार भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. त्यांची शाहीन दहाव्या वर्षापासनं हे काम करती. मी राजेश्वरी, बारामतीच्या कॉलेजात तिच्याच बाकावर बसती, म्हणून ठासून सांगती: असली चिवट पोरगी आख्ख्या इंदापूर तालुक्यात न्हाय.

शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटरचं प्रोजेक्ट होतं. सगळ्यांनी लायब्ररीतल्या पुस्तकांच्या याद्या केल्या, हिनं खेळ करायला घेतला. फोनवर पान उघडायचं, बटण दाबलं की मोटर चालू, ऊस वाढतो. साठलेल्या उसावर दुसरी मोटर घ्यायची, मंग हात न लावता ऊस आपला वाढतच राहतो.

आमचे सर म्हणाले, "हा पोरखेळ आहे. शंभर माणसं आपणहून खेळली तर सही करीन. नाहीतर पुढच्या वर्षी परत बस." माझं डोकंच फिरलं! दुसऱ्याच्या पोरीचं वर्ष बुडवायला ह्यांच्या बापाचं काय जातंय!

शाहीननं गावात लिंक वाटली. सतरा जणांनी कौतुकानं उघडली आन दोन मिनिटांत बंद केली. मोटर घेऊन दुकानात आलेल्या झुंबरतात्यांनी तर तोंडावर सांगितलं, "पोरी, चोवीस तास लाईट? हे कुठलं गाव म्हणायचं? असला ऊस आमाला नगं."

मला वाटलं, म्हातारं चेष्टा करतंय. पण शाहीननं हातातली तार बाजूला ठेवली. "राजे, तात्यांचं खरं हाय. मोटरी भरून मोठी झाली, आन लाईट जाती हेच इसरली!"

चार दिवसांत तिनं खेळ पालटला. आता लाईट ठरल्या वेळीच यायची, सगळ्यांना एकदम. आली की फोन मोटरीवानी घुंऽऽ करायचा. दर गावाला एक डीपी, म्हंजी ट्रान्सफॉर्मर. सगळ्यांनी एकदमच मोटरी चालू केल्या की डीपीचा फ्यूज उडायचा आन समद्या गावाचा ऊस थांबायचा.

मंग काय इचारता! बावड्यातनं खेळ नरसिंहपुरात गेला, तितनं पिंपळीत. बाया एकमेकींना फोन करून भांडाय लागल्या, "तुझी बंद कर की गं, माझं पाणी व्हायचंय!" आमच्या कॉलेजच्या पोरांनी तर आपली वेगळी डीपी मागून घेतली. पंधरा दिवसांत खेळणारे अकराशे झाले.

प्रोजेक्टच्या दिवशी सर भरल्या हॉलमधी म्हणाले, "अकराशे? आकडा तर तूच टाकलास. खरी माणसं दाखव."

शाहीन जराबी डगमगली न्हाय. "हातच्या कांकणाला आरसा कशाला, सर? अकराला लाईट येणार हाय. दोन मिनिटं थांबा."

अकरा वाजले. पुढच्या बाकावर घुंऽऽ, मागं घुंऽऽ, दारातल्या शिपायाच्या खिशात घुंऽऽ! सगळा हॉल घुमाय लागला, पोरं पटापटा बटणं दाबाय लागली. आन एकदम समदे फोन गप्प. उडाला फ्यूज!

त्या शांततेत सर ओरडले, "अरे गाढवांनो, एकेकानं चालू करा की! माझा ऊस वाळला ना!"

फोन त्यांच्या हातातच होता. हॉल असा हसला की खिडक्या हादरल्या. सरांनी मान खाली घालून खिशातनं पेन काढला.

शाहीननं फाइल पुढं केली. "हितं सही, सर. तारीखबी टाका."