घरच्या माणसाला बेड्या

“बेड्या घालायच्या तर हात धरावा लागतो. हात धरायला बंदी आहे. म्हणजे परीक्षा नाही,” हेंक म्हणाला आणि त्याने कॉफीचा मग उचलला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

टीम्सवरची मीटिंग होती. करोनाचं दुसरं वर्ष लागलं होतं. हेंक आमचा परीक्षक, निवृत्त पोलीस. शेजारच्या चौकोनात आमची टीम लीडर अनेके. आणि मी, द हेगमधल्या एका एमबीओमध्ये, म्हणजे व्यवसायशिक्षणाच्या कॉलेजात, स्टुडंट कोच. आमच्या विभागात ‘बोआ’ तयार होतात. बोआ म्हणजे पोलीस नव्हे. तो गेमेंटेचा, म्हणजे नगरपालिकेचा, युनिफॉर्ममधला माणूस. दंड करतो, भांडणं सोडवतो, परवानगी असली तर बेड्याही घालतो. त्या दिवसांत बागेत घोळक्याने बसलेल्यांना उठवायचं काम त्यांच्याकडेच होतं.

कोच हा शब्द मला आजही टोचतो. नाशिकला मी फौजदारी कोर्टात वकिली केली आहे. त्याआधी साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं सांभाळत लॉ पुरं केलं. नवऱ्यामागोमाग इथे आले, डच शिकले. पण कायदा शिकवायला माझी डिग्री चालत नाही असं कॉलेज म्हणालं. अर्ज विचाराधीन आहे. तोवर मी हजेरी बघायची, इंटर्नशिप शोधायची, कोणी रडलं तर टिश्यू द्यायचा.

माझ्याकडे संध्याकाळची बॅच होती. सगळ्या बायका, मुलंबाळं झाल्यावर परत शिकायला आलेल्या. दिवसाच्या बॅचमधल्या पोरांची धरपकडीची परीक्षा निर्बंध सैल असताना उरकून घेतली होती. संध्याकाळच्या बॅचला सांगितलं होतं, नंतर बघू. आता नंतर आलं होतं आणि हेंक म्हणत होता, पुढच्या वर्षी.

मला दिसत होती ती निर्मला. सुरिनामी हिंदुस्तानी, म्हणजे पूर्वज भारतातून सुरिनामला मजुरीला गेलेले, दोन मुलांची आई. तिने इंटर्नशिप केली त्या गेमेंटेने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण उन्हाळ्यापर्यंतच. डिप्लोमा नाही तर जागा दुसऱ्याला. आणि ही एक परीक्षा सोडली तर तिचं सगळं झालेलं होतं.

मी आवाज चढवला. अनेके म्हणाली, “तू चिडली आहेस.”

“हो. आणि पाणी प्यायले की अजून चिडेन,” असं म्हणून मी कॅमेरा बंद केला आणि खरंच पाणी प्यायले.

साडीच्या दुकानात एक गोष्ट शिकले होते. जी साडी खपवायची ती आधी काढायची नाही. आधी गिऱ्हाइकाला पेलणार नाही असा शालू अंथरायचा. मी कॅमेरा सुरू केला आणि मागणी केली की सगळ्यांना परीक्षा न घेता पास करा. हेंकला ठसका लागला. मग मी म्हटलं, बरं, रबराच्या पुतळ्यावर घ्या. तो म्हणाला, पुतळा पळून जात नाही. तेव्हा कुठे मी माझा खरा माल काढला.

“घरातल्या माणसाला हात लावायला बंदी आहे का?”

अनेकेने कॉलेजचा करोना प्रोटोकॉल उघडला आणि मोठ्याने वाचला. एका घरात राहणाऱ्यांना अंतराचा नियम नव्हता.

“मग प्रत्येकीने आपल्या घरचा माणूस आणायचा आणि त्यालाच पकडायचं. तू लांब उभा राहून मार्क दे.”

हेंक बराच वेळ हो-पण, हो-पण करत राहिला. इथे ‘हो-पण’ला नकार समजायचं नाही, तो निम्मा होकार असतो. शेवटी त्याने अट घातली. पकडला जाणारा मुद्दाम विरोध करेल, निदान सांगितलेलं ऐकणार नाही. नाहीतर तो परीक्षा थांबवेल.

सरावाच्या बेड्या मी सायकलवरून घरोघर पोचवल्या. आठवड्याने बायकांनी व्हिडिओ पाठवले आणि हेंकचं म्हणणं खरं निघालं. नवरे फारच गुणी होते. बांगड्या भरायला पुढे करावा तसा हात पुढे करत होते. एकाने तर बायकोला कुलूप लावायला मदत केली.

“ही अटक नाही, हे लग्न आहे,” हेंक म्हणाला.

मी एकेका नवऱ्याला फोन करून झापलं. त्यांच्यापैकी काहींना विरोध म्हणजे काय करायचं हेच समजेना. निर्मलाचा तर नवराच घरी नव्हता. तो जहाजावर होता, खलाशी बदलणं बंद पडल्याने कुठेतरी अडकलेला. घरात दोन मुलं आणि सासू.

“आजी येणार नाही, दीदी,” निर्मला म्हणाली. त्यांच्यातही आजी म्हणजे आजीच. मुलांचं ऐकून तीही सासूला आजी म्हणते. “तिला माझं हे शिक्षणच पसंत नाही. बाईने रस्त्यावर उभं राहून लोकांशी भांडायचं, हे काय काम, म्हणते. ती मला पकडू देईल?”

मी त्यांच्या घरी गेले. तळमजल्याचं घर. सासूबाईंनी खिडकी उघडली, मी फुटपाथवर सायकल धरून उभी. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बायकांना मौसी म्हणतात, मीही म्हटलं. आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं. त्यांनी इस्पितळाच्या लाँड्रीत अनेक वर्षं काम केलेलं, दंड माझ्या दुप्पट. मी काही सांगायच्या आतच त्यांनी मला ऐकवलं की सुनेने सासूला बेड्या घालायच्या ही अक्कल शिकलेल्या बायकांनाच सुचते.

समजावण्यात अर्थ नव्हता. मी दुसरी साडी काढली.

“मौसी, तुम्हाला वाटतं ना हे काम तिच्याच्याने होणार नाही?”

“नाहीच होणार. ती घाबरट आहे. दारावर सेल्समन आला तरी मला पुढे करते.”

“मग या आणि तिला नापास करा. ऐकू नका, उठू नका, हात देऊ नका. परीक्षकालाही तेच हवं आहे. नापास झाली की शिक्षण बंद, मी परत दारात येणार नाही.”

मौसींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “तू दुकानात काम केलं आहेस,” त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

परीक्षा कॉलेजच्या जिममध्ये होती. प्रसंग असा: बंद केलेल्या बागेत एक बाई बसली आहे, उठत नाही, ओळखपत्र दाखवत नाही. मौसी चांगला कोट घालून आल्या, बाकावर बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली.

निर्मलाने डचमध्ये सुरुवात केली. मॅडम, बाग बंद आहे. मौसी म्हणाल्या, मला पाय दुखतात. मॅडम, ओळखपत्र दाखवा. मौसींनी पर्स काखेत दाबली. आणि मग त्या आपल्या हिंदीच्या जवळच्या बोलीवर गेल्या. परवा डाळ करपवलीस ते आधी यांना सांग. मुलांना मी सांभाळते म्हणून तू इथे उभी आहेस. माझा मुलगा तिकडे पाण्यावर अडकलाय आणि तू इथे शिपाई-शिपाई खेळतेस.

हेंकला यातलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. निर्मलाची मान लाल झाली. इथे आवाज चढला असता, किंवा तिने त्याच बोलीत एक शब्द उलट दिला असता, तर परीक्षा गेली होती. बोआने चिडायचं नसतं. माझ्याच्याने ते झालं नसतं हे मी शपथेवर सांगते.

“मॅडम,” ती डचमध्येच म्हणाली, त्याच आवाजात, “मी तुम्हाला शेवटचं सांगते आहे. उठा, नाहीतर मला तुम्हाला पकडावं लागेल.”

“मॅडम कोणाला म्हणतेस?”

निर्मलाने हात धरला. मौसींनी तो लाँड्रीतल्या जोराने ओढला. पर्स खाली पडली. निर्मला पाय रोवून वळली, हात मागे नेला, एक कडी बसली. मौसी दुसरा हात देईनात. तिने घाई केली नाही. मौसींनी श्वास सोडेपर्यंत ती थांबली आणि दुसरी बसवली.

मौसींनी मनगट फिरवून बघितलं. “सैल आहे ही,” त्या आता डचमध्ये म्हणाल्या. “चोर निसटेल.”

“एक बोट जाईल एवढी जागा ठेवावी लागते, मॅडम. तुम्हाला लागू नये म्हणून.”

निर्मलाने बेड्या काढल्या, खाली वाकून पर्स उचलली आणि झटकून त्यांच्या हातात दिली.

त्या बोलीत काय चाललं होतं, असं हेंकने मला विचारलं. मी म्हटलं, अटकेला विरोध.

सगळ्या बायका पास झाल्या. एकीला परीक्षा परत द्यावी लागली, कारण तिचा नवरा हसायला लागला. निर्मला उन्हाळ्याआधी गेमेंटेत रुजू झाली. युनिफॉर्ममधला तिचा फोटो मौसींनीच काढून जहाजावर पाठवला, असं तिने मला सांगितलं. कॉलेजच्या न्यूजलेटरमध्ये अनेकेने ‘आमच्या टीमची कल्पक तोड’ असं लिहिलं. त्यावर मी तिला एक ईमेल पाठवली. ती इथे छापण्यासारखी नाही.

निर्बंध उठल्यावर हेंक माझ्याकडे आला. सरावाला भाड्याने नट आणतात, ते सगळे फार समजूतदार असतात, म्हणाला. ती आजी येईल का? मौसींच्या वतीने घासाघीस मीच केली. ट्रामचं भाडं, गरम चहा आणि बाकावर उशी, एवढं मिळवलं. घरच्या हट्टी माणसाला शांतपणे पकडता आलं की रस्त्यावरच्या कोणालाही पकडता येतं, हे आता हेंक आपलं म्हणून सांगतो. सांगू दे.

मौसींचं काँट्रॅक्ट त्याच आठवड्यात मंजूर झालं. त्यांची डिग्री कोणी विचारली नाही. माझा अर्ज अजून विचाराधीन आहे. मौसींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अर्ज काय करत बसतेस? जाऊन बाकावर बस आणि उठू नकोस.”

या देशात अपॉइंटमेंटशिवाय बसायलाही मिळत नाही. म्हणून सोमवारची घेतली आहे, अनेकेबरोबर. तिच्या खोलीतली दाराजवळची खुर्ची मी बघून ठेवली आहे.