चौदावी मागणी

आमच्या उपकेंद्रात माणसं दोन. एक मी, आरोग्यसेविका, म्हणजे गावाच्या तोंडी सिस्टर. दुसऱ्या मावशी. मावशींचं सरकारी पद अंशकालीन स्त्री परिचर असं आहे. त्या दिवसातून थोडा वेळ येतात, झाडून-पुसून घरी जातात, असं सरकारला वाटतं. प्रत्यक्षात रात्री-अपरात्री बाळंतीण आली की दिवा धरायला, गरम पाणी आणायला आणि बाळंतिणीच्या सासूला ओरडायला मावशीच असतात. सासूला ओरडण्याचं काम कुठल्याच शासन निर्णयात नाही, पण ते माझ्याच्यानं होत नाही.

मी रुजू झाले तेव्हा मावशी हजेरीच्या मस्टरवर अंगठा लावायच्या. मला ते बघवेना. एका दुपारी दवाखान्यात कोणी नव्हतं, मी त्यांना सही शिकवायला बसले. त्या वयाने मोठ्या, मी नवी आणि हुशारी दाखवायची हौस दांडगी. गिरवायला समोर मस्टर होतं आणि मस्टरवर माझी सही होती. मावशी म्हणाल्या, "मले अश्शीच पायजे, शेपटीवाली." महिनाभर त्यांनी जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर माझी सही गिरवली. नंतर स्वतःची केली, तीही शेपटीवाली. पण हात बसला होता तो माझ्याच सहीवर.

पुढे त्याचा उपयोग झाला, हे कबूल करायला हवं. लसीकरणाचा दिवस असला की मी घरून परस्पर स्कूटीने दुसऱ्या गावी जायची आणि मस्टरवर मावशी दोन्ही सह्या करायच्या. हे मला माहीत होतं आणि चालत होतं. कोणी विचारलं, सिस्टर कुठे, तर मावशींचं उत्तर ठरलेलं, "फिल्डवर गेल्या." बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

राळेगाव तालुक्यात आमच्या संघटनेची सचिव मी होते. जुनी पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटी पोरींना कायम करणं, मुक्कामाच्या ठिकाणी धड दाराचा संडास, अशा संपाच्या तेरा मागण्या झाल्या. तेव्हा मी हट्टाने चौदावी घातली: अंशकालीन परिचरांना किमान वेतन आणि म्हातारपणी पेन्शन. घातली खरी, पण यादीतल्या खालच्या मागण्यांचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पहिल्या दोनवर बोलणी होतात, तिसरीवर चहा येतो आणि उरलेल्यांबाबत शासन सकारात्मक असतं.

संपाच्या आदल्या दिवशी मी मावशींना यादी वाचून दाखवली. चौदावी दोनदा वाचली. त्यांनी विचारलं, "म्हंजे हे आपली हाय?" मी म्हटलं, तुमचीच. मग संपाचे नियम सांगितले. कामावर यायचं नाही, सही करायची नाही, दुसरीकडे मजुरीला जायचं नाही. हे नियम मी सगळ्यांना सांगत होते. बोलताना माझ्यासमोर पाठकोऱ्या पानांवर माझी सही गिरवणारी तीच बाई बसली आहे, हे मात्र मनात आलं नाही.

यवतमाळला संपाचा मंडप उभा राहिला. मला माईक आवडतो, ते लपवून काय करायचं. दुसऱ्या दिवशीच मी एक प्रथा पाडली. रोज दुपारी एकेका तालुक्याच्या कार्यालयातून कामावर हजर असलेल्यांची यादी कोणीतरी मोबाईलवर मिळवायचं आणि मी ती माईकवरून मोठ्याने वाचायची. प्रत्येक नावानंतर मंडपातून "हाय हाय". परिणाम चांगला होत होता. आर्णीकडची एक परिचारिका तर नाव वाचल्यावर दुसऱ्या दिवशी डोळे पुसत मंडपात येऊन बसली. मला त्याचा अभिमान वाटला होता.

आठव्या दिवशी आमच्या तालुक्याची यादी आली. नावं तीन. पहिलं वाचलं, हाय हाय. दुसरं वाचलं, हाय हाय. तिसरं वाचलं, हाय हाय झालं आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. नाव माझं होतं. ते मी स्पष्ट उच्चारात, पद आणि उपकेंद्रासह वाचलं होतं.

आधी लोक हसले. मलाही वाटलं, कारकुनाची चूक. पण यादीखाली मस्टरचा फोटो होता. माझ्या नावापुढे आठही दिवस सही, शेपटीसकट. आमचे जिल्हाध्यक्ष औषधनिर्माते आहेत, ते कागद डोळ्याजवळ नेऊन बघतात. त्यांनी मोबाईल तसाच डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, "ताई, सही तं तुमचीच दिसून राह्यली." हसणं तिथे थांबलं.

मी एसटीने गावी पोहोचले तेव्हा चार वाजले होते. उपकेंद्राला कुलूप होतं, पण अंगण झाडलेलं. मावशी समोरच्या आपल्या घराच्या ओट्यावर चटई टाकून बसल्या होत्या. पुढ्यात काही काम नव्हतं. हात मांडीवर.

"काय करता मावशी?"

"संप करून राह्यलो," मावशी म्हणाल्या. "दहा ते पाच. तुमी म्हंतलं होतं नं, मजुरीले जायचं नाही. हरभरा सोंगाले बलावलं होतं, नाही गेली."

दिवसाचे थोडे तास काम करणारी बाई पूर्णवेळ संप करत होती. मी मस्टर मागितलं. त्यांनी कुलूप काढून मस्टर दिलं, आणि विचारायच्या आधीच सांगितलं की तालुक्याहून माणूस आला होता, त्याने फोटो काढला, सिस्टर कुठे म्हणून विचारलं.

"मग?"

"फिल्डवर गेल्या म्हंतलं."

मला इतका राग आला की आवाज चिरकला. मी ओरडले, काहून केल्या माझ्या सह्या, संप आहे ना, माझं नाक कापलं सगळ्यांसमोर. सासवांना ओरडायचं काम मला जमत नाही म्हणते, पण त्या दिवशी जमलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमची गैरहजेरी लागली असती," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीचं कॉलेज हाय. नोकरीत खंड पडला तं पेन्शनले मार बसते, तुमीच सांगत होत्या त्या बायांइले. म्हणून सकाळी येऊन झाडतो, तुमची सही करतो, कुलूप लावतो अन् मंग संपाले बसतो."

तेव्हा मी मस्टरची खालची ओळ पाहिली. मावशींच्या नावापुढे आठही घरं कोरी होती.

"अन् तुमची सही?"

"मी कायले करू? मी संपावर हाओ नं, सिस्टर."

माझा राग गेला नव्हता, फक्त तो कोणावर काढायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मंडपामागे अध्यक्षांनी सरळ उपाय सांगितला. सह्या माझ्या नाहीत असं लिहून द्यायचं, संघटना माझ्या मागे उभी राहील. मी विचारलं, मग मावशींचं काय? खोट्या सह्या केल्या म्हणून त्यांना काढतील. त्यांना नोटीसही लागत नाही, उद्यापासून येऊ नको म्हटलं की झालं. अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "पण ताई, ते बाई आपली मेंबर हाय काय?"

नव्हती. मी सहा वर्षं तालुक्याची सचिव होते. पावतीबुक माझ्या पिशवीत असायचं. कुठल्या कुठल्या गावांत जाऊन मी पावत्या फाडल्या होत्या, आणि माझ्याच उपकेंद्रात, रोज माझ्यासाठी पाणी भरणाऱ्या बाईची पावती कधी फाडली नव्हती. मला तिथे उभं राहायची लाज वाटली. आपलेच दात अन् आपलेच ओठ म्हणतात, पण मावशींना मी तोंडात धरलंच कुठे होतं.

तालुक्याच्या साहेबांनी खुलासा मागितला. मी दोन ओळी लिहिल्या: मस्टरवरील सह्या माझ्याच आहेत. मी कर्तव्यावर हजर होते. साहेबांनी मला रोज स्थानिक चॅनेलवर मूठ आवळून घोषणा देताना पाहिलं होतं. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला आणि आवक क्रमांक टाकला. कागद पूर्ण असला की त्यांची तक्रार नसते.

त्याच दुपारी माझं नाव मंडपात पुन्हा वाचलं गेलं. माईकवर दुसरी होती. तिचे उच्चार माझ्याइतके चांगले नव्हते. आर्णीकडची ती परिचारिका पुढच्या रांगेतच बसली होती, असं मला नंतर सांगण्यात आलं. सचिवपदाचा राजीनामा मी स्वतःच दिला.

संप मिटला तेव्हा पेन्शनसाठी समिती नेमायचं ठरलं. चौदाव्या मागणीबाबत शासन सकारात्मक होतं. संपकऱ्यांचे ते दिवस त्यांच्या रजेत धरायचे असा आदेश निघाला. मी हजर असल्याने माझी रजा शाबूत राहिली. मावशींना रजाच नसते, त्यामुळे त्यांचं तेवढ्या दिवसांचं मानधन कापलं गेलं. मी कार्यालयाशी दोनदा पत्रव्यवहार केला. उत्तर आलं की सदर कर्मचारी संपात सहभागी असल्याची नोंद संघटनेकडे नाही.

ते कापलेले पैसे मी पाकिटात घालून मावशींना द्यायला गेले. त्यांनी पाकीट माझ्याच पर्समध्ये परत ठेवलं.

"तुमी तं हजर होत्या, सिस्टर," त्या म्हणाल्या. "संप म्या केला. त्याचे पैसे तुमच्यापासून कायले घेऊ?"

चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या मला टोचत नव्हत्या, व्यवहार सांगत होत्या. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं.

पावतीबुक नव्या सचिवाकडे द्यायचं होतं. त्याआधी एक पावती फाडायची राहिली होती. उपकेंद्रात दुपारी कोणी नव्हतं. सभासदाचं नाव, पद आणि गाव मी लिहिलं, वर्गणी त्यांनी आपल्या कमरेच्या पिशवीतून काढून दिली, आणि मी सहीसाठी पेन त्यांच्या हातात दिला. मावशी पेन टेकवून थांबल्या.

"कोनाची करू?" त्यांनी विचारलं. "तुमची का माही?"

"तुमची, मावशी."

त्यांनी केली. जरा वेळ लागला.